शेजाऱ्याचा सण आणि आपण

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून आपल्या कुळाचारांविषयी बोलावे अशी रूढी आहे. ती मोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कायस्थ प्रभु ज्ञातीने शेजाऱ्याच्या सणाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न आज तितकाच निकडीचा झाला आहे. याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ज्याचा सण त्याने करावा, आपल्याला काय त्याचे? दुसरा म्हणतो, सारे सण अखेर एकच. पहिल्या मतात अनास्था आहे. दुसऱ्यात औदार्य दिसते खरे, परंतु नीट पाहण्याचा आळसही आहे. आमचे म्हणणे असे की, सण निराळे आहेत आणि ते निराळेच राहावेत. मात्र ज्या भुकेपोटी माणूस सण करतो, ती भूक एक आहे.

याचा दाखला ठाण्यातच आहे. येथील बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर 1879 साली उभे राहिले. त्याचे हिब्रू नाव 'शआर हशामायिम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्याचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ हाती नसतानाही शतकानुशतके त्यांनी आपले सण राखले, आणि ते राखले मराठी नावांनी. त्यांचा वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. एस्तेर राणीच्या कथेचा पुरीम तो 'होळीचा सण', कारण दोन्ही बहुधा एकाच पौर्णिमेच्या आगेमागे येतात. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्या शोकदिनाच्या उपवासानंतर केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढीत, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. बिरड्याविषयी या सभेत आम्ही अधिक बोलण्याची गरज नाही! परंतु आपल्या घरी जे बिरडे श्रावणातील आनंदाचे, तेच शेजारच्या घरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या दुःखाची आठवण होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? पदार्थ एक, अर्थ निराळा. तथापि पानावर बसून पूर्वजांचे स्मरण करण्याची वृत्ती मात्र एकच.

त्यांचा सर्वांत गंभीर सण 'दारफळणीचा'. यहुदी धर्मात यास योम किप्पूर म्हणतात. त्या दिवशी पांढरी वस्त्रे परिधान करून, कडकडीत उपवास करून, घराची दारे लावून हा समाज वर्षाच्या पापांची क्षमा मागत असे. दुसऱ्या दिवशी येई 'शिळा सण'. त्या दिवशी दारे उघडून गरिबांस दान द्यावयाचे आणि आप्तेष्टांच्या भेटीस जावयाचे. आमच्या मते सर्व धर्मांच्या सणांचे मर्म या दोन दिवसांत सामावले आहे. आधी दार लावून आपल्या अंतःकरणाकडे पाहणे, मग दार उघडून दुसऱ्याकडे जाणे. भाद्रपदात आपला जैन शेजारी पर्युषणाची तपश्चर्या करतो आणि संवत्सरीला, झाल्या-गेल्याची क्षमा असावी, म्हणून हात जोडतो. मुसलमान शेजारी महिनाभर रोजे ठेवतो. परंतु ईदेच्या नमाजापूर्वी गरिबाच्या वाट्याचा फित्रा दिल्यावाचून त्याची ईद पुरी होत नाही. ख्रिस्ती शेजारी चाळीस दिवसांच्या उपासकाळानंतर ईस्टरचा आनंद करतो. आपल्या एकादशीनंतरही द्वादशीचे पारणे असते, आणि अतिथीस वाढून मग जेवावे हा त्याचा जुना संकेत.

या सर्वांवर चंद्रही एकच आहे. यहुदी पंचांगात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात. आपल्या अधिकमासाचे प्रमाणही जवळपास तेच. ईस्टर येतो तो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी. इस्लामी वर्षात अधिकमास नाही, म्हणून रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. गणिते निराळी, परंतु माना वर करून पाहणे सारखेच.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नव्हे. कल्याणजवळच्या मलंगगडावर माघी पौर्णिमेच्या सुमारास कोणी मच्छिंद्रनाथांच्या समाधीस म्हणून चढतो, तर कोणी हाजी मलंगबाबांच्या दर्ग्यास म्हणून. मालकीचे वाद न्यायासनापुढे गेले आहेत आणि ते त्यानेच सोडवावेत. परंतु नवस बोलावयास पायऱ्या चढणाऱ्या दोन मातांच्या मनांतील चिंता निराळी नसते, हे समजण्यास कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

1948 नंतर बेने इस्राएल समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. ठाण्यात थोडी राहिली. पूर्वी चाळीत आणि वाड्यात फराळाचे ताट जात्याधर्माचा उंबरा ओलांडून जाई व रिकामे परत येत नसे. आज उंच इमारतींत शेजाऱ्याच्या दारावरील पाटी वाचावयास सवड नाही. आणि जेथे धर्म वा जात पाहून जागा नाकारली जाते, तेथे ताट पाठवावयास निराळ्या धर्माचा शेजारीच उरत नाही. ज्ञातिसंस्था या पापात वाटेकरी होता कामा नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दरवर्षी आपल्या संमेलनात एक तास शेजाऱ्याच्या सणासाठी राखावा. त्या समाजातील जाणत्या व्यक्तीस सन्मानाने बोलवावे आणि तिच्याच तोंडून तिच्या सणाचा अर्थ ऐकावा. वाद घालू नये, तुलना करू नये, आधी ऐकावे. आपली ज्ञाती आपले कुळाचार दार लावून श्रद्धेने पाळो. परंतु दुसऱ्या दिवशी ते दार उघडण्याची आठवणही तिला राहो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.