खाचराचा बांध आणि संगणकाची स्मृती

(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभात, दासगाव येथे केलेले भाषण)



आपल्या मुलांचे गुण, बँकेतील ठेवी, जमिनीचा सातबारा हे सारे आज संगणकाच्या डिस्कवर साठवलेले असते. संगणकाची मुख्य यंत्रणा आणि ही डिस्क यांच्यात देवघेव करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. तो चुकला तर काय होते, हे भातशेती करणाऱ्याला चटकन समजेल.

संगणकाची स्मृती म्हणजे बांध घातलेली खाचरे. खाचर भरल्यावरही पाणी सोडतच राहिलो, तर ते बांधावरून शेजाऱ्याच्या खाचरात शिरून त्याचे पीक नासवते. ड्रायव्हरने मापाबाहेर लिहिले, की शेजारची माहिती अशीच नासते. लबाड माणूस मुद्दाम तसे घडवून साऱ्या संगणकाचा ताबाही घेऊ शकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये, दूरची डिस्क नेटवर्कवरून जोडणाऱ्या आयस्कझी या भागात असा दोष २००६ पासून होता. मार्च २०२१ मध्ये तो उजेडात आला. खाचर ४,०९६ बाइटांचे. पण त्यात ओतायचा मजकूर किती लांब आहे, हे मोजलेच जात नव्हते. मग दुरुस्ती काय केली? लिहिण्यापूर्वी माप पाहायचे, मर्यादेपाशी थांबायचे आणि ज्याला अधिकार नाही त्याला त्या दाराशी येऊ द्यायचे नाही. काम थोड्या ओळींचे. पण पंधरा वर्षे राहून गेले.

पंधरा वर्षे चालले, म्हणून ते निर्दोष ठरत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. जुने म्हणजे भक्कम नव्हे, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

विद्यार्थी मित्रांनो, लिनक्सची आज्ञावली कोणालाही वाचायला खुली आहे. ती वाचा, शंका घ्या, मोजून पाहा. आणि पालकांनो, आपली मुलगी आठ दिवस एकच ओळ तपासत बसली, तर ‘वेळ फुकट घालवतेस’ असे म्हणू नका. त्या ओळीमागे कुणाची तरी आयुष्यभराची कमाई असते. दुसऱ्याची माहिती आपल्या हाती अमानत आहे, आणि मापात चूक न करणे ही आपल्या दीनचीच शिकवण आहे.