मोडलेला पाय आणि शिक्षकाचे कर्तव्य
(पुणे येथील शिक्षक मेळाव्यात दिलेले भाषण)



खेळाचा तास हा मुलांच्या आनंदाचा तास होय. तो बंद करावा असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु कबड्डी, खो-खो वा लंगडी खेळताना एखाद्या मुलाचा पाय मोडला, तर त्या घटकेला मैदानावर डॉक्टर नसतो. असतो तो शिक्षक. म्हणून आज याच विषयावर चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी मी एका लहान गावी शिक्षक होतो. कबड्डीच्या पकडीत चौथीतल्या एका मुलाचे नडगीचे हाड मोडले. मी घाबरलो. पाय वाकडा दिसतो म्हणून तो ओढून सरळ करावयास गेलो, दोघांकडून त्याला उचलवून ओट्यावर आणविले, वर पाणीही पाजले. पुढे गावातच बांबूच्या कामट्या घट्ट आवळून पाय बांधण्यात आला. मुलगा रात्रभर ओरडत होता. दुसऱ्या दिवशी बोटे थंड व बधिर झाली, तेव्हा कोठे त्याला शहरात नेले. पाय वाचला, पण पाऊल कायमचे अधू राहिले. याहूनही मला सलते ते निराळेच. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी त्याच्या घरी एकदाही गेलो नाही, आणि तो मुलगा शाळेत परत आला नाही.

तेव्हा पहिल्या घटकेत काय करावे? मूल जेथे पडले तेथेच त्याला स्थिर ठेवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाय ओढू नये, चोळू नये, तेल लावू नये. नडगीचे हाड पुढच्या बाजूस केवळ कातडीखाली असल्याने ते पुष्कळदा बाहेर येते. अशा वेळी ते आत ढकलू नये. जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे आणि रक्त वाहत असल्यास हाडाच्या टोकावर न दाबता बाजूने दाब द्यावा. पैंजण वा घट्ट दोरा असेल तर काढावा. हलविणे अपरिहार्यच असेल, तर दोन्ही पायांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवून दुखरा पाय चांगल्या पायाला बांधावा. गाठी मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नयेत. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून काही खाऊपिऊ घालू नये.

इंग्लंडातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट हे १७५६ मध्ये घोड्यावरून पडले व त्यांचा पाय मोडला. त्यांनी स्वतःस कोणासही उचलू दिले नाही. एक दार विकत आणवून त्यावरूनच ते घरी गेले. पाय कापण्याचा विचार चालला होता, पण तो वाचला. आपल्या शाळेतही दाराची फळी वा बाक असतोच.

बांधल्यानंतर बोटांकडे लक्ष असावे. बोटे थंड, फिकट वा बधिर झाली, अथवा ती हलविताच असह्य कळ येऊ लागली, तर एक तासही दवडू नये. सूज आतल्या आत दाटून रक्तप्रवाह खुंटला, तर काही तासांत स्नायू मरतात. सांगली जिल्ह्यातील श्री. सचिन खिलारी यांचा हात बालपणी सायकलवरून पडून मोडला. पुढे त्यात गँगरीन झाले आणि तो पूर्ववत झाला नाही. त्याच खिलारींनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. त्यांच्या जिद्दीला वंदन करावे. पण मोडलेल्या हाडाकडे कधीही किरकोळ दुखापत म्हणून पाहू नये, हा बोधही घ्यावा.

उपचारांची सोय आता दूर राहिलेली नाही. याच पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ मध्ये अस्थिरुग्णालय स्थापिले, त्याला साठ वर्षे लोटली. लहान मुलांचे हाड मोठ्यांपेक्षा लवकर सांधते. मात्र हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या भागाला इजा झाली असेल, तर पाय पुढे आखूड वा वाकडा वाढू शकतो. म्हणून प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी चुकवू नये. प्लास्टरमध्ये स्नायू रोडावतात. ते पुन्हा बळावण्यास व्यायाम लागतो, आणि व्यायामास धीर लागतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचे जिम्नॅस्ट समीर ऐत सईद यांची नडगी सर्वांदेखत मोडली. २०२१ मध्ये टोकियोस तेच रिंग प्रकारात चौथे आले. या दोहोंच्या मध्ये पाच वर्षांचा चिकाटीचा सराव होता.

हा धीर मुलाला कोण देणार? येथे आपले खरे काम सुरू होते. आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जावे. गणिताची दोन उदाहरणे द्यावी, वर्गमित्रांना सोबत न्यावे. तो परतेल तेव्हा त्याचा वर्ग तळमजल्यावर असावा, त्याचा बाक दारापाशी असावा, आणि खेळाच्या तासाला गुण मोजण्याचे काम त्याच्याकडे असावे. मैदानात तो डॉक्टरांच्या अनुमतीनेच उतरेल. परंतु शाळेत तो त्याआधीच परतला पाहिजे.

हाड निसर्ग सांधतो, वैद्य ते नीट बसवितो. शाळेशी तुटलेला धागा मात्र शिक्षकालाच सांधावा लागतो. तो सांधण्याचे माझ्याकडून राहून गेले. आपणाकडून राहू नये, एवढीच विनंती.