आपला माल, आपला मजकूर



'सातत्याने मजकूर टाकत राहा, धंदा वाढेल' हा सल्ला ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. तो खोटा नाही. पैसे संपले की जाहिरात थांबते. उपयोगी लेख किंवा व्हिडिओ वर्षभरानेही नवं गिऱ्हाईक आणू शकतो. पण हा सल्ला दोन प्रश्न विचारत नाही. वस्तूची गोष्ट सांगतं कोण? आणि सातत्याला लागणारा वेळ कुणाकडे आहे?

पहिल्या प्रश्नासाठी कोल्हापुरी चप्पल घेऊ. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं कंपनीने मान्य केलं. आपण चिडलो ते योग्यच. पण आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर तरी कारागिराचं नाव किती वेळा दिसतं? दुकानदार 'परंपरा' विकतो, 'राजेशाही थाट' विकतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावणारा ढोर समाज, रापी-आरी चालवणारा चर्मकार समाज, वेण्या गुंफणाऱ्या त्यांच्या घरच्या बाया या गोष्टीत नसतात.

म्हणून मजकूर आपणच लिहायचा. खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीने तळ कसा शिवतात? पावसाळ्यात चप्पल कशी जपायची? नकली माल कसा ओळखायचा? गिऱ्हाइकाला हेच हवं असतं, आणि याची खात्रीची उत्तरं कारागिराकडेच असतात.

मग जात सांगायची का? सुधीर राजभर यांनी शिवीसारखा वापरला जाणारा शब्द घेऊन 'चमार स्टुडिओ' उभा केला. चंद्रभान प्रसाद यांनी मसाले-लोणच्यांना 'दलित फूड्स' असं नाव दिलं. दुसरीकडे, बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. जात कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि ती बंद करावी लागली. हा धोका आजही आहे. जात सांगायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. श्रम मात्र सांगितलेच पाहिजेत, कारण भाव त्यांचाच मागायचा आहे.

आता वेळेचा प्रश्न. 'रोज एक पोस्ट' हा हिशेब ज्याच्या घरी पाणी भरायला, स्वयंपाकाला, माल पोचवायला दुसरं कुणी आहे, त्याचा आहे. दिवसभर आरी चालवून रात्री व्हिडिओ करायचा, आणि तो जमला नाही की 'तुमच्यात शिस्त नाही' हे ऐकायचं. आपल्याला आळशी ठरवण्याची ही जुनीच रीत आहे.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. तो पाक्षिक होता. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'चं बरंचसं लिखाण बाबासाहेबांना एकट्याने करावं लागलं. दोन्ही पत्रांना पैशाचं बळ कमी पडलं, ती थांबली. तरी १९३० मध्ये 'जनता' आलं आणि १९५६ मध्ये त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं. सातत्य एकट्याच्या शिस्तीवर टिकत नाही. त्याला माणसं आणि साधनं लागतात.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. पंधरवड्याला एकच मजकूर करा. वर्षाला पंचवीसएक होतात, तेवढे पुरेत. चार-पाच कारागीर घरांनी मिळून पाळी लावा. आईने बोलावं, शिकणाऱ्या मुलीने फोनवर रेकॉर्ड करून लिहावं, आणि खाली दोघींची नावं यावीत. त्या मुलीच्या तासांचा मोबदला वस्तूच्या किमतीत धरा, नाहीतर घरातच फुकटची वेठ सुरू होईल. गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या परवानगीने स्वतःच्या वहीत ठेवा. अ‍ॅपचे नियम उद्या बदलले तरी वही आपलीच राहते. आणि कुठल्या मजकुरामुळे किती मागण्या आल्या, हे दर तीन महिन्यांनी एकत्र बसून बघा. ज्याने मागणी येत नाही, ते बिनदिक्कत बंद करा.

जय भीम.