टायर फुटणं ही देवाची करणी नाही



नवी गाडी दारात आली की आपल्याकडे तिचं स्वागत कसं होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चाकाखाली लिंबू ठेवतात. कुणी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतं, कुणी मागच्या काचेवर ७८६ लिहून घेतं. पेढे वाटले जातात. गाडी लिंबू चिरडून पुढे सरकते आणि बहुतेक घरांत चाकाकडे निरखून पाहण्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग ठरतो. पुढे रोज काच पुसली जाते, सीटकव्हरं बदलतात, पण टायर पंक्चर होईपर्यंत कुणाला आठवत नाही. आणि एखाद्या दिवशी हमरस्त्यावर तो फुटला, की आपण म्हणतो, ‘नशीब! वरच्याची मर्जी!’

या ‘वरच्याच्या मर्जी’वर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि घरातला कर्ता माणूस गेला. टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, म्हणून भरपाई देणं लागत नाही, असं विमा कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. टायर फुटण्यामागे जादा वेग, कमी किंवा अति हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणं असतात; निघण्यापूर्वी टायर पाहणं हे मालकाचं आणि चालकाचं काम आहे; ते न करणं म्हणजे माणसाचा हलगर्जीपणा, देवाची करणी नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं.

आमच्या घरात एक जुनी शिकवण सांगितली जायची. आधी उंट नीट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. माझ्या मते टायरची हवा तपासणं म्हणजे उंट बांधणं.

माझे मामू सोलापूर रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवायचे. ‘पंक्चरवाला’ हा शब्द हल्ली काही लोक शिवीसारखा वापरताना ऐकू येतो, तेव्हा मला मामूंचे काळेभोर हात आठवतात. त्या हातांनी किती कुटुंबं सुखरूप घरी पोचवली असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. उन्हाळ्यात गाडीवाले यायचे आणि म्हणायचे, ‘चाचा, ऊन लई आहे, थोडी हवा कमी करा. तापून फुटायला नको.’ मामू म्हणायचे, ‘भाईसाब, हवा मौसम देखके नै, गाडी देखके भरते.’ काही जण ऐकायचे. काही जण पुढच्या दुकानात जाऊन हवा काढून घ्यायचे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा समज आजही घरोघर आहे आणि तो घातक आहे. तो वरवर पटतो, कारण तापल्यावर हवेचा दाब वाढतो हे खरंच आहे. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं, की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. तासभर पळालेल्या गाडीत तो तीन ते पाच पीएसआयने चढलेला असतो. पण ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही.

खरा धोका उलट बाजूने येतो. लोखंडी तार हातात घेऊन भराभर वाकवत राहिलात, तर वाकते ती जागा गरम होते आणि शेवटी तुटते. कमी हवेच्या टायरचं नेमकं हेच होतं. त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेरीत जमिनीजवळ दबते आणि पुन्हा सरळ होते. मध्यम मोटारीचं चाक ताशी शंभरच्या वेगाने सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. म्हणजे तासाभरात पन्नास हजारांहून अधिक वेळा ती भिंत वाकते. हवा जितकी कमी, तितकी ती जास्त वाकते आणि जास्त तापते. आतले थर सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग अचानक आवाज येतो आणि आपण आभाळाकडे पाहतो. थोडक्यात, उन्हाच्या भीतीने आपण हवा कमी करतो आणि टायर स्वतःच्या हाताने तापवतो.

ही गोष्ट आज जास्त निकडीची झाली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. सरळ, सिमेंटचा, न थांबता पळायला लावणारा रस्ता. पूर्वी दर पंधरा-वीस किलोमीटरवर गाव यायचं, गतिरोधक यायचा, चहाची टपरी यायची. गाडीला आणि टायरला आपोआप विसावा मिळायचा. आता तो आपणच द्यायला हवा. २०२३ मध्ये परिवहन विभागाला या रस्त्यावर टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली, यातच सगळं आलं.

मग करायचं काय? फार काही नाही. चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो. तिथे नसेल तर गाडीच्या माहितीपुस्तकात असतो. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा दिलेली असते. बहुतेक गाड्यांत दोन आकडे असतात, एक दोघा-तिघांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. लग्नाला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळायचा. पंक्चरवाला ‘किती ठेवू?’ विचारतो, तेव्हा ‘ठेवा अंदाजाने’ म्हणू नका. आकडा सांगा.

हवा नेहमी थंड टायरची तपासावी. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, किंवा घराजवळच्या पंपापर्यंत हळू जाऊन. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. महिन्याकाठी एखादा पीएसआय हवा आपोआप कमी होते, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा तरी पाहावं. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते. नायट्रोजन भरला तरी तपासणी चुकत नाही. आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दुसरी गोष्ट टायरच्या नक्षीची. ती शोभेची नाही. पावसात चाकाखालचं पाणी बाजूला ढकलायचं काम ती करते. नक्षी झिजली की चाक पाण्यावर तरंगतं. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी. मोटारीसाठी नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलायचा.

तिसरी, टायरचं वय. टायरच्या भिंतीवर डी.ओ.टी. या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारं होतंच. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरू नये, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. जुनी गाडी घेताना आधी हे आकडे वाचा.

आणि हो, स्टेपनी! शब्दांच्या धंद्यातला माणूस म्हणून हा शब्द मला फार आवडतो. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथल्या दोघा भावांनी १९०४ च्या सुमारास हे जादा चाक विकायला काढलं. ते गल्लीचं नाव आपल्याकडे मराठी होऊन राहिलं. पण डिकीत निजलेल्या त्या स्टेपनीचीही हवा पाहत चला. नाहीतर गरजेच्या वेळी तीच मऊ निघते.

एवढं करूनही खिळा, दगड कधी ना कधी भेटणारच. वेगात टायर फुटला तर पाय ब्रेकवर आपटू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडीचा वेग आपसूक उतरू द्या आणि मग डाव्या कडेला घ्या. चारही दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा.

श्रोतेहो, आपली सगळी गाडी, आतली मुलंबाळं, म्हातारी आई, सारं जमिनीला टेकतं ते तळहाताएवढ्या चार जागांवर. त्या चार तळहातांत पुरेशी हवा आहे ना, एवढं उद्या सकाळी निघण्याआधी बघा. पाच मिनिटं लागतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)