उठाबशांचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.२ आली. ६.५ला मधुमेह धरतात. म्हटलं, "डॉक्टर, रोज सकाळी चालते की!" पण नंतर दिवसभर खुर्ची. चालायचंच, तर जेवणानंतरही पंधरा मिनिटं चालावं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. मात्र साखरेचं मोठं कोठार मांड्यांत, आणि चाळिशीनंतर ते झिजतं. नुसत्या चालण्यानं ते फारसं भरत नाही. त्याला वजन उचलणं, उठाबशा हव्यात. हो, गृहपाठ विसरल्यावर मिळायच्या त्याच! (सर समोरच बसलेत.) आता रोज तीस काढते, कान न धरता. परवाचा आकडा ५.८. ५.७च्या खाली यायचंय अजून.