तिमाही पास घ्यावा की मासिक?



आज पुणे–लोणावळा लोकलच्या पासाचा हिशोब मांडतो. रेल्वे त्याला ‘सीझन तिकीट’ म्हणते, पण दर बारा महिने तोच असतो. ऋतू बदलतात ते आपल्या कामाचे, म्हणून त्याच पासाची किंमत कधी वसूल होते, कधी होत नाही.

सूत्र सोपं आहे. मासिक पास साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो. आठ दिवस जाऊन-येऊन केलं की १६ प्रवास होतात, म्हणजे पैसे वसूल. २०१४ साली हा हिशोब ३० प्रवासांवर न्यायचं ठरलं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते मागं घेतलं गेलं. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, म्हणजे सुमारे साडेचाळीस भाडी. तेच तीन वेळा मासिक पास घेतला तर ४५.

मग तिमाहीच घ्यावा ना? थांबा, कॅलेंडर बघा. समजा तीन महिन्यांपैकी एक मंदीचा आहे: मे महिन्यात कॉलेज बंद, दिवाळीत कारखाना बंद, किंवा रमजानमध्ये बरंच काम घरून. मग दोन मासिक पास म्हणजे ३० भाडी, आणि मंदीच्या महिन्यात सुटी तिकिटं. त्या महिन्यात पाच दिवस जा-ये केली तर एकूण ४० भाडी. तिमाहीपेक्षा किंचित स्वस्त. सहावा दिवस निघाला की ४२ होतात आणि तिमाही परवडतो. एवढाच नियम लक्षात ठेवा: पाच दिवसांपर्यंत मासिक, सहापासून तिमाही.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस आधी येतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये सुरू होईल. म्हणून मोठ्या भावाचा जुना हिशोब धाकट्याला तसाच लागू पडत नाही. पावसाळ्यात उलटं होतं. भिजत दुचाकी चालवण्यापेक्षा लोकल बरी वाटते आणि पास पुरेपूर वापरला जातो. रविवारी मळवलीला उतरून लोहगड बघायलाही तोच चालतो.

आता मुद्द्याचं. हा हिशोब ज्याला पुढचे तीन महिने दिसतात त्याच्या कामाचा. चाकणमध्ये कंत्राटी काम करणाऱ्या मुलाला पुढच्या महिन्यात गेटपास मिळेल की नाही, हेच ठाऊक नसतं. तो दर महिन्याला मासिक पास घेतो आणि तिमाहीवाल्यापेक्षा ११ टक्के जास्त मोजतो. पगार कमी आणि प्रवास महाग! वर चाकणला रेल्वेच नाही. तळेगावला उतरल्यावर पुढचं भाडं वेगळं. २००९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘इज्जत’ नावाचा पास जाहीर झाला होता: १०० किलोमीटरपर्यंत महिना २५ रुपये. अट अशी, की मासिक उत्पन्न १५०० रुपयांपर्यंत असावं. नाव इज्जत, पण या अटीत चाकणचा कोणता कामगार बसेल? ही मर्यादा आजच्या पगाराला धरून वाढवा, अशी मागणी आपण का करू नये? आणि ती फक्त आपल्या मोहल्ल्यासाठी नको. त्याच डब्यात उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी हवी.

शेवटी मुलींच्या पासाबद्दल. परीक्षेचा महिना आला की काही घरांत म्हणतात, “चारच दिवस जायचंय, पास कशाला?” माझा नियमही तेच सांगेल. तरी मी म्हणेन, पास काढून द्या. पास नसला की प्रत्येक वेळी भाडं मागावं लागतं, आणि भाडं मागताना “कुठं चाललीस, कशाला?” याचंही उत्तर द्यावं लागतं. पास पर्समध्ये असला की लायब्ररी, इंटर्नशिपची मुलाखत, मैत्रिणीकडचा अभ्यास, सगळीकडे ती आपली आपण जाते. विद्यार्थ्यांना तो जवळपास निम्म्या दरात मिळतो. तिथं चार-दोन भाडी वाया गेली, तरी तो तोटा धरू नका.