यंत्राचा संशय आणि लेकराची बाजू

(विहाराच्या वर्धापन दिनी बीबी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



परमपूज्य बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'शिका'. लोणार तालुक्याच्या या कोरडवाहू मुलखात आपल्या आया-बापांनी तो शब्द किती कष्टाने पाळला, हे या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणी सोयाबीन सोंगून, कुणी विटभट्टीवर राबून लेकरं शिकवली. आज आपली पोरं-पोरी मेहकर, बुलडाणा, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, पार पुण्यापर्यंत शिकायला जातात. याचा आपल्याला अभिमान आहे.

पण बंधू-भगिनींनो, शिक्षणाच्या दारात आता एक नवा राखणदार येऊन बसला आहे. त्याला जात कळत नाही, असे सांगतात. त्याला दया-मायाही कळत नाही. तो म्हणजे मुलांवर नजर ठेवणारे संगणकाचे सॉफ्टवेअर. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत, कारण त्याने चुकून बोट दाखवले तर शिक्षा आपल्या लेकराला होते.

कोरोनाचा काळ आठवा. एप्रिल 2021 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने सत्र परीक्षा घरबसल्या ऑनलाईन घेतली, ती 'प्रॉक्टर्ड' पद्धतीने. प्रॉक्टर म्हणजे पर्यवेक्षक. अशा परीक्षांत मोबाईलचा किंवा लॅपटॉपचा कॅमेराच पर्यवेक्षक होतो. मुलाने मान वळवली, मागून कोणी गेले, दुसरा आवाज आला, पडद्यावरची खिडकी बदलली, की यंत्र नोंद करते. अशा नोंदी वाढल्या की मूल संशयित ठरते.

आता आपल्या वस्तीतले घर डोळ्यांपुढे आणा. एकच खोली. त्यात चूल, त्यातच पाळणा, त्यातच म्हातारी माय खोकते. लहान भाऊ मागून पळत जातो. बाहेर लग्नाचा डीजे. मधेच लाईट जाते, नेट तुटते. बंगल्यातल्या मुलाला स्वतंत्र खोली असते, म्हणून त्याच्या नावापुढे नोंद कमी. आपल्या लेकराच्या नावापुढे नोंदी जास्त. यात कॉपी कुठे आहे? ही तर गरिबीची नोंद झाली! यंत्राला जात कळत नसेल, पण जातीने आणि गरिबीने जे घर आपल्याला दिले, ते घर त्याला बरोबर दिसते.

चेहऱ्याच्या रंगाचेही तसेच. 2018 मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक महिलांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणारी नामांकित कंपन्यांची सॉफ्टवेअरे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाच्याही आत होती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र ती 34 टक्क्यांच्या वर गेली. उन्हात राबणाऱ्या माणसांच्या लेकरांनी यावरून काय ते समजावे.

आता कोणी म्हणेल, "मग काय कॉपी चालू द्यायची?" मुळीच नाही. आपण पंचशील घेणारी माणसे आहोत. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा रोज घेतो. कॉपी ही चोरीच आहे, आणि तिने सर्वांत जास्त नुकसान प्रामाणिक अभ्यास करणाऱ्या गरीब मुलाचे होते. 3 मार्च 2023 चा दिवस आपण विसरलेलो नाही. बारावीचा गणिताचा पेपर आपल्याच शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यातून फुटला, आणि त्या प्रकरणात शिक्षकांनाही अटक झाली. म्हणजे पेपर फुटला तो मोठ्यांच्या हातून, आणि मान खाली गेली ती जिल्ह्यातल्या सगळ्या परीक्षार्थींची. 2025 च्या परीक्षेत राज्यातल्या संवेदनशील केंद्रांवर ड्रोन कॅमेऱ्यांची नजर आली. नजर ठेवा, आमची हरकत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नजरेला दिसले म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे होत नाही.

हे आम्ही हवेत बोलत नाही. अमेरिकेतील डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयात 2021 मध्ये 17 विद्यार्थ्यांवर परीक्षेत फसवणुकीचा आरोप ठेवला गेला. पुरावा काय? तर अभ्यासाच्या 'कॅनव्हास' नावाच्या प्रणालीतली नोंद, की परीक्षेच्या वेळी यांनी धड्यांची पाने उघडली. पण फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर ते पान आधीपासून उघडे राहिले असेल, तर कोणी हात न लावताही यंत्र आपोआप अशा नोंदी करत राहते. जाणकारांनी हे दाखवून दिले. मुले आणि त्यांचे पाठीराखे गप्प बसले नाहीत. जून 2021 मध्ये कॉलेजने सर्व आरोप मागे घेतले आणि डीनने माफी मागितली.

आपल्या देशातलेही ऐका. हरियाणात सोनीपतच्या ओ. पी. जिंदल ग्लोबल विद्यापीठात कायद्याच्या एका विद्यार्थ्याचे 2024 मधले उत्तर 88 टक्के यंत्राने लिहिलेले आहे, असे ठरवून त्याला नापास केले. तो म्हणाला, "लिखाण माझे आहे, पुरावा दाखवा." तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने नोटीस काढली, आणि पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे कळवले. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रकरण निकाली निघाले. तो स्वतः कायदा जाणणारा होता, म्हणून लढला. आपल्या गावचे पहिल्या पिढीचे पोरगे काय करील? ते घरी सांगणारच नाही. शरमेने कॉलेज सोडील, आणि बाप म्हणेल, "साहेबांनी म्हटलं म्हणजे केलंच असेल." खरा धोका इथेच आहे.

उपासक-उपासिकांनो, आरोप कसा तपासावा हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्र या भिक्खूची गोष्ट आहे. राजगृहात संघातल्या भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था तो पाहत असे. वाट्याला आलेल्या जागेवर आणि अन्नावर नाराज झालेल्या काही भिक्खूंनी एका भिक्खुणीला पुढे करून त्याच्यावर घाणेरडा आरोप घडवून आणला. तथागतांनी काय केले? आरोप ऐकताक्षणी हाकलून दिले नाही. संघ जमवला, दब्बाला समोर बसवून विचारले, आणि आरोप करणाऱ्यांचीही चौकशी करायला लावली. तेव्हा कुभांड उघडे पडले आणि दब्ब निर्दोष ठरला.

विनयाचा नियमच असा आहे, की ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर न बोलावता, त्याला न विचारता, त्याची कबुली न घेता केलेली कारवाई अधर्माची ठरते. आणि निराधार आरोप करणे हाही भिक्खूसाठी भारी दोष मानला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने पाळलेली ही रीत आजच्या कॉलेजला पाळता येऊ नये काय? यंत्राला समोर बसवून विचारता येत नाही, बरं का! म्हणून यंत्राची नोंद हा फक्त संशय आहे. पुरावा माणसाने तपासायचा असतो.

बाबासाहेबांच्या संविधानाने हाच न्याय कायद्यात आणला. कलम 14 ने समानता दिली, आणि दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार उचलून धरले. तेव्हा असा प्रसंग आला तर काय करायचे, ते आता नीट ऐका.

पहिले, लेकराला मारू नका, रागावू नका. आधी त्याचे पूर्ण ऐका. त्याच दिवशी घडलेले सगळे तारीख-वेळेसह त्याच्याकडून लिहून घ्या. लाईट किती वाजता गेली, खोलीत कोण होते, कोणता फोन वापरला, सगळे.

दुसरे, दबावाखाली माफीनाम्यावर सही करू नका. आरोप लेखी मागा. यंत्राने नेमके काय नोंदवले आणि ते कोणत्या माणसाने तपासले, हेही लेखी मागा.

तिसरे, कॉलेजचा प्रश्न असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे तिथे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिच्यात मागासवर्गीय आणि महिला प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील करता येते.

चौथे, सरकारी विद्यापीठ किंवा मंडळ असेल तर माहितीचा अधिकार वापरा. विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे.

पाचवे, शाळेतल्या लहान मुलांसाठी 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, मानसिक छळही करता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालकच असतात. तिथे जाऊन बोला.

आणि शेवटचे काम विहाराचे. एकटा बाप साहेबासमोर उभा राहिला तर त्याचा आवाज फुटत नाही. आम्ही सुचवतो, की विहार समितीने शिकलेल्या चार तरुण-तरुणींना ही जबाबदारी द्यावी. रविवारच्या वंदनेनंतर तासभर त्यांनी इथेच बसावे, अर्ज लिहून द्यावेत, गरज पडली तर पालकाबरोबर कॉलेजात जावे. पोर खरेच चुकले असेल तर त्याला चूक कबूल करायला लावावी, कारण सत्य हा आपला धर्म आहे. पण ते निर्दोष असेल तर त्याला एकटे सोडू नये. 'संघटित व्हा' या शब्दाचा अर्थ मोर्च्यापुरता नाही. एका मुलीच्या एका पेपरसाठी चार माणसे तालुक्याला जाणे, हेही संघटनच आहे.

आपल्या पूर्वजांना शाळेच्या बाहेर बसवले गेले, तेव्हा त्यांची बाजू ऐकणारे कोणी नव्हते. आज ऐकणारे आपण आहोत. पुढच्या वर्धापन दिनी या मंडपात एखादे लेकरू उभे राहून म्हणावे, "माझ्यावर खोटा आळ आला होता, विहार माझ्या पाठीशी उभा राहिला," एवढीच मंगल कामना करून आम्ही थांबतो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय भारत!